मनोबल मोजायचं कसं? एक प्रचारपट आणि एक सर्वेक्षण



सिनॉप्सिस लिहिताना आपण एक शब्द फार सहज वापरतो: 'परिणाम'. अमुक मोहिमेचा समाजावर परिणाम, तमुक जाहिरातीचा लोकांवर परिणाम. हा शब्द किती निसरडा आहे, ते आज एका जुन्या प्रचारपटावरून बघू.

'लंडन कॅन टेक इट!' हा १९४० सालचा, जेमतेम नऊ-दहा मिनिटांचा माहितीपट. दिग्दर्शक हॅरी वॅट आणि हम्फ्री जेनिंग्ज. ७ सप्टेंबर १९४० पासून जर्मन विमानं लंडनवर रोज रात्री बॉम्ब टाकत होती, त्याच दिवसांत तो तयार झाला. गोष्ट एका रात्रीची. संध्याकाळी बससाठी रांगा, मग भोंगा, सर्चलाइट, तोफांचा आवाज, निवाऱ्यात झोपलेली माणसं. सकाळी तीच माणसं पडक्या भिंतींमधून वाट काढत कामावर निघतात.

चित्रपट म्हणून तो उत्तम आहे. आरडाओरडा नाही, शत्रूला शिव्या नाहीत. निवेदक क्वेंटिन रेनॉल्ड्स हा अमेरिकन पत्रकार स्वतःला तटस्थ वार्ताहर म्हणवतो. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेली नव्हती आणि तिथल्या प्रेक्षकाला पटवणं हाच मुख्य हेतू होता. कॅमेरा मात्र ब्रिटिश सरकारच्या फिल्म युनिटचा. म्हणजे आवाज तटस्थाचा आणि नजर सरकारची!

आता त्याच्या दाव्याकडे या. लंडनमध्ये भीती नाही, घबराट नाही, असं निवेदक सांगतो. त्याला कसं कळलं? कॅमेऱ्याला दिसतं ते वर्तन: माणूस कामावर चाललाय. तो पगारासाठी जात असेल, सवयीनं जात असेल, दुसरा पर्यायच नसेल. सर्वंकष युद्धात कारखान्यातला कामगारही युद्धाचाच भाग असतो, म्हणून त्याचं कामावर जाणं हेच 'मनोबल' ठरवलं जातं. त्याच्या मनात काय आहे, हा प्रश्न तिथेच बंद होतो.

चित्रपटात काय नाही, तेही बघा. भुयारी रेल्वेची स्टेशनं निवारा म्हणून वापरायला सरकारचा सुरुवातीला विरोध होता. लोकांनी तिकिटं काढली, खाली उतरले आणि बाहेर यायला नकार दिला. शेवटी सरकारला नमतं घ्यावं लागलं. हाही लंडनकरांचा चिवटपणाच, पण स्वतःच्या सरकारविरुद्धचा. या चित्रपटात त्याला जागा नाही.

हल शहराचं तर नावच गायब झालं. तिथे प्रचंड विध्वंस झाला, पण युद्धकाळातल्या बातम्यांत ते 'ईशान्य किनाऱ्यावरचं एक शहर' म्हणून यायचं. लंडनच्या धैर्याची चित्रं जगभर फिरत होती, आणि हलच्या माणसाला आपल्या शहराचं दुःख बातमीतही नावानिशी सापडत नव्हतं.

आपल्यासाठी खरा धडा याच हलमध्ये आहे. प्राणिशास्त्रज्ञ सॉली झुकरमन आणि स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांच्या पुढाकारानं हल आणि बर्मिंगहॅममधल्या बॉम्बहल्ल्यांच्या परिणामांचं सर्वेक्षण झालं. शाळकरी मुलांचे निबंधसुद्धा गोळा केले गेले. १९४२ च्या एप्रिलमधल्या अहवालाचा निष्कर्ष होता, की मनोबल खचल्याचा पुरावा नाही. पण चर्चिलचे विज्ञान सल्लागार लॉर्ड चेरवेल यांनी अंतिम अहवालाआधीच, ३० मार्चला, याच पाहणीचा आधार घेत उलटा सूर लावला: घर पडलं की माणूस खचतो, म्हणून जर्मनीतल्या ५८ मोठ्या शहरांतली घरं पाडा. जर्मन नागरिकांचं मनोबल हे लक्ष्य तर फेब्रुवारीतच ठरलं होतं. या टिपणानं त्याला आकड्यांचं बळ दिलं. जुलै १९४३ मध्ये एकट्या हॅम्बुर्गमध्ये ३० हजारांहून जास्त माणसं मेली.

विसंगती लक्षात आली ना? बॉम्बनं आमची माणसं खचत नाहीत, हे पडद्यावर. बॉम्बनं त्यांची माणसं खचतील, हे धोरणात. 'मनोबल' म्हणजे नेमकं काय मोजायचं हेच पक्कं नसल्यामुळे दोन्ही वाक्यं एकाच सरकारात सुखानं नांदली.

म्हणून एक काम करा. आपल्या सिनॉप्सिसमधले 'परिणाम', 'जागृती', 'मनोबल' असे शब्द शोधा. प्रत्येकाखाली दोन ओळी लिहा: मी नक्की काय बघणार किंवा मोजणार आहे? आणि काय सापडलं तर माझं म्हणणं चूक ठरेल? उत्तर जमत नसेल तर प्रश्न बदला. 'या चित्रपटाचा लोकांवर काय परिणाम झाला?' याचं उत्तर चित्रपटात मिळणार नाही. त्यासाठी डायऱ्या, पत्रं, गुप्त अहवाल वाचावे लागतील. 'सरकारला नागरिक कसा हवा होता?' या प्रश्नासाठी मात्र ही दहा मिनिटं भक्कम पुरावा आहेत.

तुमचे प्रश्न कमेंटमध्ये टाका, गाइडकडे जायच्या आधी इथेच त्यांची चिरफाड करू.