ओळख आणि ओळख पटवणं

आज बायोमेट्रिक ओळखपद्धतीबद्दल बोलायचं आहे. म्हणजे बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळं आणि चेहरा यांवरून माणूस कोण आहे हे यंत्राने ठरवण्याबद्दल. पण सुरुवात आपल्याच एका शब्दापासून करू.

‘ओळख पटली’ हे शब्द आपण वर्तमानपत्रात कुठे वाचतो? नदीत सापडलेल्या मृतदेहाची ओळख पटते. कॅमेऱ्यात दिसलेल्या चोराची ओळख पटते. चारचौघांसारख्या जिवंत माणसाची ओळख पटवावी लागत नाही. ती असते, होते, वाढते, कधी पुसटही होते. ‘आमची ओळख आहे’ असं म्हणतो तेव्हा तिथे दोन माणसं असतात आणि दोघंही एकमेकांना ओळखत असतात. ‘समोरून गेला, पण ओळखसुद्धा दिली नाही’ या तक्रारीत रागापेक्षा दुखावलेपण जास्त असतं. ओळख पटवण्यात मात्र एकच बाजू बघते. दुसरी आडवी पडलेली असते, नाहीतर उभी केलेली असते.

आमचं म्हणणं असं आहे की गेल्या पंधरा वर्षांत आपण रोजच्या सार्वजनिक व्यवहारात पहिलीच्या जागी दुसरी बसवत आलो. या सगळ्याला आपण फक्त ‘प्रायव्हसीचा प्रश्न’ म्हणतो, त्यामुळे काय गेलं ते नीट दिसत नाही. माहिती चोरीला जाईल का, हा प्रश्न खराच आहे, त्याकडे येऊ. पण चोरी होण्याच्या आधीच एक गोष्ट गेलेली असते. ‘मी अमुक’ असं माणूस स्वतः सांगतो, त्या सांगण्याची किंमत.

अंगणवाडी घ्या. लहान मुलांसाठी, गरोदर आणि स्तनदा मातांसाठी घरी न्यायचा कोरडा आहार तिथून मिळतो. २०२५च्या जुलैपासून तो देताना ‘पोषण ट्रॅकर’ ॲपवर चेहऱ्याची पडताळणी केंद्र सरकारने सक्तीची केली. आता अंगणवाडी सेविका कोण असते? त्याच गावातली, बहुधा त्याच आळीतली बाई. समोर पिशवी घेऊन उभी असलेली सून कोणाच्या घरातली, तिला दिवस कधी गेले, पहिलं मूल किती वजनाचं होतं, हे सगळं हिला पाठ. तिचं नाव रजिस्टरात हिनेच लिहिलेलं. आणि ती आता मोबाइल तिच्या तोंडासमोर धरते आणि म्हणते, ‘सरळ बघ गं, हलू नको.’ रेंज नसली तर दोघी अंगणात येऊन उभ्या राहतात. जी ओळखते तिनेच ओळख पटवायची! यात तपासणी त्या आईची एकटीची होत नाही, सेविकेचीही होते. तिने ‘ही तीच आहे’ असं म्हटलेलं आता पुरत नाही. दोन बायकांच्या मध्ये एक फोन येऊन बसला आहे आणि दोघींपैकी एकीचाही शब्द धरला जात नाही.

बरं, तो फोन तरी ओळखतो का? नाही. यंत्र ओळखत नाही, तुलना करतं. आधी साठवलेला नमुना आणि आत्ता घेतलेला नमुना किती जुळतात याचा एक गुणांक काढतं. कितीच्या वर गेला तर ‘होय’ म्हणायचं, ही रेषा कोणीतरी माणसानेच ठरवलेली असते. रेषा वर नेली की खरी माणसं जास्त अडतात, खाली आणली की खोटी जास्त सुटतात. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणणारी रेषा नसते. म्हणजे कोणाला अडवायचं याचा निर्णय आधीच झालेला असतो, फक्त तो घेणारा रेशन दुकानात हजर नसतो. तिथे हजर असलेला दुकानदार म्हणतो, ‘मावशी, मशीन घेत नाही, मी काय करू?’ तो खोटं बोलत नाही. अडवणारं कोणी दिसतच नाही, तेव्हा भांडायचं कोणाशी?

आता थोडा इतिहास. आपल्या लहानपणी ‘अंगठेबहाद्दर’ ही शिवी होती. साक्षरतेच्या वर्गात नाव गिरवायला शिकलेल्या आज्या आम्ही पाहिल्या आहेत. पहिल्यांदा सही केल्यावर त्या ती दहा जणांना दाखवायच्या. त्याच आजीला आज सही येते आणि तिला सांगतात, सही नको, अंगठा लावा. हा फरक नुसता सोयीचा नाही. सही करतात आणि ठसा घेतात. भाषेनेच हे वेगळं ठेवलं आहे. सही ही कृती आहे, ती नाकारता येते. ठसा झोपलेल्याचा घेता येतो, बेशुद्धाचा घेता येतो. म्हातारा गेल्यावर शाईत बुडवून त्याचा अंगठा कागदावर दाबणारे भाऊबंद आपल्या जुन्या गोष्टींतून उगाच आलेले नाहीत.

ठसा घेण्याची आधुनिक पद्धत सुरू झाली तीही आपल्याच देशात. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या मालाचा करार करताना एका बंगाली कंत्राटदाराच्या हाताचा ठसा कागदावर घेतला. का, तर पुढे हा माणूस आपली सही नाकारेल, त्याला जरब बसावी म्हणून. हर्शेलने स्वतःच हे लिहून ठेवलं आहे. मुळाशी अविश्वास आहे, तोही राज्यकर्त्याचा रयतेवरचा. १८९७मध्ये कलकत्त्याला बोटांच्या ठशांचं कार्यालय निघालं. वर्गीकरणाची किचकट मेहनत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांची, पद्धतीला नाव एडवर्ड हेन्रीचं. असो. पुढे गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली नोंदलेल्या माणसांचे ठसे घेतले जाऊ लागले, तेही गुन्हा केला म्हणून नाही, त्या जमातीत जन्मले म्हणून. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीची आठवण आपल्या विमुक्त समाजांत अजून आहे. ‘ठसा द्यायला काय जातं?’ हा प्रश्न आमच्यासारख्याला सुचतो, कारण आमच्या आजोबांचा ठसा कोणी तसा घेतला नव्हता.

या बाबतीत गांधींनी केलेला विचार आम्हाला आजही सर्वांत नेमका वाटतो. १९०६मध्ये ट्रान्सवालच्या सरकारने तिथल्या हिंदी लोकांवर सक्तीची नोंदणी आणि दहा बोटांचे ठसे लादायचं ठरवलं. गांधींनी त्या विषयावरचं एका पोलीस अधिकाऱ्याचं पुस्तक पाहिलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की कायदा असे ठसे फक्त गुन्हेगारांकडून मागतो. सत्याग्रहाचा जन्म या विरोधातून झाला. पण गंमत पुढे आहे. जानेवारी १९०८मध्ये जनरल स्मट्स यांच्याशी तडजोड झाली: लोकांनी आपणहून नोंदणी करावी, सरकार कायदा मागे घेईल. आणि गांधी ठसे द्यायला निघाले! संतापलेल्या मीर आलम आणि त्याच्या साथीदारांनी १० फेब्रुवारीला त्यांना रस्त्यात बेदम मारलं. तशा अवस्थेतही गांधींनी ठसे दिलेच. सरकारने कायदा मागे घेतला नाही, तेव्हा १६ ऑगस्टला जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीसमोर दोन हजारांहून जास्त परवान्यांची होळी झाली. म्हणजे गांधींचं भांडण शाईशी किंवा बोटाशी नव्हतंच. तोच ठसा आपणहून दिला तर सौजन्य, सक्तीने घेतला तर अपमान.

ही कसोटी आधारला लावून बघा. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीला दिला गेला. आधार ऐच्छिक आहे, असं तेव्हापासून सांगत आले. पण ज्याच्या अभावी धान्य अडतं, ते ऐच्छिक कसं? ‘जेवायचं असेल तरच अंगठा लावा, सक्ती नाही’ असं म्हणण्यासारखं ते आहे.

आता न्यायालयाकडे येऊ, कारण आमची खरी तक्रार तिथल्या युक्तिवादाशी आहे. २४ ऑगस्ट २०१७ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. फार मोठा निकाल. वर्षभराने, २६ सप्टेंबर २०१८ला, पाच जणांच्या पीठाने चार विरुद्ध एक मताने आधार कायदा बहुतांशी वैध ठरवला. मोबाइल आणि बँक खात्याला आधार जोडण्याची सक्ती गेली, खासगी कंपन्यांचा रस्ता बंद झाला. अनुदानं आणि कल्याणकारी योजनांसाठीची सक्ती मात्र राहिली. बहुमताचं तर्कशास्त्र असं की एका बाजूला खासगीपणाची प्रतिष्ठा, दुसऱ्या बाजूला अन्न मिळण्याची प्रतिष्ठा, दोन्हींचा तोल साधायचा.

ऐकायला हे न्याय्य वाटतं. पण तराजूत बघा कोण आहे. दोन्ही पारड्यांत एकच बाई बसली आहे! तिचाच खासगीपणा तिच्याच भाकरीशी तोलला. आमची भाकरी आमच्या खासगीपणाशी कोणी तोलली नाही. आम्हाला मोबाइलच्या सक्तीतून सोडवलं, तिला रेशनच्या सक्तीत ठेवलं. जो अधिकार पोट भरलेल्यालाच पुरता वापरता येतो, त्याला मूलभूत म्हणायचं का? वर्गात विद्यार्थ्याने असा युक्तिवाद केला असता तर आम्ही समासात प्रश्नचिन्ह काढलं असतं.

आणखी एक. त्या निकालात पडताळणीच्या अपयशाचा आकडा ०.२३२ टक्के आला आहे आणि तेवढ्यासाठी बाकीच्यांचं नुकसान नको, असा सूर आहे. त्याच सुनावणीत प्राधिकरणाच्या प्रमुखांनी सरकारी सेवांमध्ये सुमारे १२ टक्के वेळा पडताळणी फसते, असं सांगितलं होतं. पण आकडा लहान की मोठा हा वादच आम्हाला गौण वाटतो. हक्क सरासरीला नसतो, माणसाला असतो. न्यायमूर्ती चंद्रचूडांचं भिन्नमत याच मुद्द्यावर बोट ठेवतं: माणसाची प्रतिष्ठा शक्यतांच्या गणितावर सोपवता येत नाही. शिवाय ज्यांची बोटं फसतात ती माणसं इकडेतिकडे विखुरलेली नसतात. विड्या वळणाऱ्या, ऊस तोडणारे, भांडी घासणाऱ्या, विटा थापणारे आणि म्हातारे. काम जितकं जास्त, तितका ठसा पुसट.

‘मग बोगस रेशनकार्डं चालू द्यायची का?’ हा प्रश्न नेहमी येतो आणि तो चुकीचा नाही. बोगस कार्डं होती. ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेल्या कुटुंबाला तिथल्या दुकानात धान्य मिळू लागलं, हा फायदाही आम्ही नाकारत नाही. पण रेशनमधली जुनी चोरी मापातली असते. पंचवीस किलोची पावती, वीस किलो पिशवीत. अंगठा अगदी खरा असला तरी ही चोरी बिनबोभाट चालते, उलट आता तिला अंगठ्याची साक्ष मिळते.

सुरक्षेबद्दल. २०१८मध्ये ॲटर्नी जनरलनी न्यायालयात सांगितलं होतं की ही माहिती तेरा फूट उंच आणि पाच फूट जाड भिंतींमागे आहे. भिंत असेल. पण बोट भिंतीबाहेर असतं ना! ते चहाच्या ग्लासावर उमटतं, दाराच्या कडीवर उमटतं, आणि आपल्याकडे खरेदीखतावर तर सरकारच उमटवून घेतं. त्याच वर्षी तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्याने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरच्या जमिनीच्या दस्तांतून ठसे उचलले, रबरी नमुने केले आणि त्यांवर हजारो सिमकार्डं चालू केली. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, किल्ली हरवली तर कुलूप बदलतात. बोट कुठून बदलणार? पुन्हा, ज्याला अक्कल आणि सवड आहे तो आपलं बायोमेट्रिक ‘लॉक’ करून ठेवतो. दर महिन्याला अंगठा लावणाऱ्या बाईने ते लॉक कसं करायचं?

‘आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही’ असं म्हणणारे श्रोते इथेही असतील. त्यांना एकच विचारतो: मतदान गुप्त का असतं? आपलं मत लाजिरवाणं असतं म्हणून?

आता स्वतःचं एक सांगतो आणि थांबतो. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. एका वर्षी आम्ही बँकेत गेलो, यंत्रावर अंगठा ठेवला. लाल दिवा. दुसरं बोट, तिसरं बोट, लाल दिवा. हात धुऊन या म्हणाले, धुतले. कोणीतरी व्हॅसलीन आणलं, तेही झालं. आयुष्यभर देकार्त शिकवला, ‘मी विचार करतो म्हणून मी आहे’ यावर परीक्षेत वीस-वीस गुणांचे प्रश्न काढले, आणि यंत्र म्हणतं, नाही. मागे रांग. आम्हाला हसूही आलं आणि, खरं सांगायचं तर, जरा घाबरायलाही झालं.

खिडकीमागचा तो तरुण आम्हाला दहा वर्षं ओळखत होता. त्याने आवाज खाली करून म्हटलं, ‘सर, मी तुम्हाला ओळखतो हो. पण इथे त्यासाठी रकानाच नाही.’

त्या दिवशी शेवटी कागदी अर्ज सापडला, काम झालं. कारण आम्हाला सर म्हणणारा तिथे कोणी होता आणि कागदी अर्ज मागायचा असतो हे आम्हाला माहीत होतं. रेशन दुकानातल्या मावशीला पर्यायी पुरावा द्यायचा हक्क त्या २०१८च्या निकालानेही दिला आहे. पण तो तिला सांगतं कोण? आमची मागणी यंत्र फोडा अशी नाही. तो रकाना छापा, एवढीच आहे. दुकानदाराने, सेविकेने, शेजारणीने ‘मी हिला ओळखते’ असं लिहून खाली सही करायची आणि धान्य त्याच दिवशी द्यायचं. ती सही खोटी निघाली तर सही करणारा सापडतो, त्याला जाब विचारता येतो. लाल दिव्याला तो विचारता येत नाही.

प्रश्न असतील तर घेऊ.