बंदिश कुणाची?

गायिका म्हणून प्रभा अत्रे (१९३२-२०२४) यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले. रचनाकार म्हणून त्यांची दखल मात्र आपण उरकून टाकली. मारुबिहागातील ‘जागू मैं सारी रैना’ आज कितीतरी गायक गातात आणि रसिक ती जुनी, पारंपरिक चीज समजून माना डोलावतात. ती प्रभाताईंची आहे. कलावतीतील ‘तन मन धन’ही त्यांचीच.

ख्यालातली नायिका पिढ्यान्‌पिढ्या रात्र जागते आहे. पण सदारंग-अदारंगांपासून तिचे जागरण बहुधा पुरुषांनीच लिहिले. इथे शब्द बाईचेच आहेत. शिवाय घराणे किराणा! सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे शिकलेल्या या गायिकेच्या घराण्यावर शब्दांची हेळसांड केल्याचा आरोप जुनाच. प्रभाताईंचे शब्द मोजके, सोपे. काव्य म्हणून कागदावर ते फिकेच वाटतात, हे मान्य करावे. पण ‘जागू’तल्या दीर्घ आकारावर सूर कसा विसावतो ते ऐका. सरगमवर प्रबंध लिहिणाऱ्या, अपूर्व कल्याण आणि मधुरकंस हे राग बांधणाऱ्या बाईंना अक्षराचे वजन ठाऊक होते.

आपल्या बीदर-कलबुर्गीकडे घरात मराठी, दारात कानडी. बंदिशीतली ब्रज वळणाची भाषा दोन्हीकडे पाहुणी. तरी ही चीज कुणालाच अडत नाही.

आमच्याकडच्या मैफलीत निवेदक तबलजीचे नाव सांगतात, पेटीवाल्याचे सांगतात, हार देणाऱ्यांचीही यादी वाचतात. बंदिश बांधणारीचे नाव तेवढे राहून जाते.