मराठी रहस्यकथा आणि तिची न लिहिलेली नायिका

रहस्यकथा हा वाङ्मयप्रकार मराठीत वाचकांवाचून कधी राहिला नाही, समीक्षकांवाचून मात्र सदैव राहिला. बाबुराव अर्नाळकर या नावाने लिहिणाऱ्या चंद्रकांत सखाराम चव्हाण यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांची पात्रे चाळींतील खोल्यांपासून तालुक्याच्या गावच्या वाचनालयापर्यंत जाऊन पोचली आणि ज्यांच्या हाती शाळेच्या क्रमिक पुस्तकापलीकडे दुसरे पुस्तक कधी पडले नव्हते, त्यांना त्यांनी वाचनाची गोडी लावली. ही कामगिरी आपल्या वाङ्मयेतिहासाने अद्याप मनःपूर्वक रुजू करून घेतलेली नाही. त्यांच्यामागून गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आपल्या बॅरिस्टर अमर विश्वासला घेऊन आले, आणि मुलांसाठी भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा बनेश फेणे असा काही उभा केला की तो आजही म्हातारा होत नाही. एवढ्या मोठ्या दौलतीची मोजदाद करताना एक उणीव मात्र डोळ्यांत भरते. या प्रांतातील जी नावे लोकांच्या तोंडी बसली, त्यांत लिहिणारी स्त्री नाही, आणि केवळ आपल्या बुद्धीच्या बळावर गुन्ह्याचा छडा लावणारी नायिकाही नाही. शोधू गेल्यास अपवाद सापडतील, परंतु परंपरा म्हणावी असे काही सापडणार नाही.

याचे कारण मला आपल्या रहस्यकथेच्या घडणीतच दिसते. तिने शोधकाच्या ठिकाणी पराक्रमाची अपेक्षा केली. त्याच्या हाती पिस्तूल दिले, दाराशी मोटार उभी केली, त्याला वेषांतराची कला दिली आणि निरीक्षणाला दुय्यम स्थान दिले. पराक्रमाच्या या जगात स्त्रीच्या वाट्याला तीनच भूमिका उरल्या : पळवून नेलेली तरुणी, भुरळ पाडणारी कपटी सुंदरी, किंवा नायकाची वाट पाहणारी पत्नी. वास्तविक ज्या ज्ञानावर गुन्ह्याचा उलगडा होतो ते ज्ञान पराक्रमाचे नव्हेच. कोणत्या घरात कोणाचे कोणाशी बोलणे बंद आहे, कोणाचे दागिने सावकाराकडे गेले आहेत, नवी सून माहेराहून अवेळी का परतली, हे फौजदाराच्या पंचनाम्यात कधीच येत नाही. ते शेजारणीला ठाऊक असते. अमेरिकेत ॲना कॅथरिन ग्रीन या लेखिकेने १८९७ साली अमेलिया बटरवर्थ ही चौकस प्रौढ कुमारिका शोधिका म्हणून उभी केली ती हे ओळखूनच. पुढे ॲगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलने १९३० च्या ‘द मर्डर ॲट द व्हिकरेज’ या कादंबरीत आपल्या खेड्यातील माणसांच्या स्वभावांवरून खुनाचा माग काढला, तेव्हा विणकाम करीत बसणाऱ्या वृद्धेची नजर हे शास्त्रशुद्ध साधन ठरू शकते, हे सिद्ध झाले. आपल्या देशात बंगालीने हा धडा लवकर घेतला. प्रभावतीदेवी सरस्वतींची कृष्णा विसाव्या शतकाच्या मध्यालाच गुन्हेगारांच्या मागे लागली होती, आणि सुचित्रा भट्टाचार्य यांची मितिन मावशी संसार सांभाळून तपास करणारी गृहिणी म्हणून बंगाली घराघरांत परिचित झाली.

मराठी मनातून अशी नायिका जन्मालाच आली नाही असे मात्र नाही. ती आली, पण दुसऱ्या भाषेतून. पुण्याच्या मंजिरी प्रभू यांची ‘द कॉस्मिक क्लूज’ ही इंग्रजी कादंबरी २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली आणि २००६ साली ‘द ॲस्ट्रल अलिबाय’ हा तिचा पुढचा भाग आला. सोनिया समर्थ ही तिची नायिका पुण्यात ‘स्टेलर इन्व्हेस्टिगेशन्स’ नावाची कचेरी थाटते, जतिन नावाचा तरुण साहाय्यक हाताशी घेते आणि समोर आलेल्या प्रकरणात माणसांच्या जबान्यांबरोबर त्यांच्या जन्मपत्रिकाही पाहते. या एका कल्पनेत लेखिकेची खरी प्रतिभा आहे, असे मी मानतो. पत्रिका ही आपल्या घरांतील किती अंतरंग वस्तू आहे! लग्न ठरताना ती बाहेर निघते, मंगळ असल्यास लपवली जाते, मूल जन्मताच करविली जाते आणि पुढे कपाटात जपून ठेवली जाते. माणूस आपला जमाखर्च, आपला आजार आणि आपले पूर्वायुष्य परक्यापासून लपवील, पण अडचणीत सापडला की पत्रिका तो आपण होऊन पुढे करतो. हे ज्या लेखिकेला सुचले, तिला आपल्या समाजाच्या घरातील कुलुपे कोठे आहेत हे ठाऊक आहे, यात शंका नाही.

तथापि येथेच एक गंभीर आक्षेप उभा राहतो, आणि त्याला बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रहस्यकथा हा लेखक आणि वाचक यांच्यातील न्यायाचा करार आहे. शोधकाला जे दिसते ते वाचकालाही दिसले पाहिजे. रोनल्ड नॉक्स या धर्मगुरु-लेखकाने १९२९ साली घालून दिलेल्या नियमांत अलौकिक साधनांना स्पष्ट मज्जाव आहे. ग्रह जर गुन्हेगाराचे नाव सांगू लागले, तर वाचकाने विचार तरी कशाचा करावा? शिवाय ज्या पुण्यात सोनियाची कचेरी आहे त्याच पुण्यात जयंत नारळीकर यांनी नरेंद्र दाभोलकर आणि अन्य सहकाऱ्यांसमवेत फलज्योतिषाची रीतसर परीक्षा घेतली होती. बुद्धिमान आणि मतिमंद अशा मुलांच्या एकूण २०० पत्रिका त्यांनी जमविल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील ४० देऊन निवाडा मागितला. उत्तरे पाठविणाऱ्या २७ जणांच्या यशाची सरासरी शेकडा ४६ भरली. नाणे उडवून कौल घेतला असता तरी शेकडा ५० च्या आसपास यश पदरी पडले असते. हा निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला. तो वाचल्यावर पत्रिकेला पुराव्याचा दर्जा देणे कोणाही विचारी वाचकाला जड जावे.

माझे मत असे की सोनिया जेथे पत्रिकेच्या निमित्ताने माणसाला बोलते करते, त्याची भीती आणि हाव यांचा अंदाज घेते, तेथे ती रहस्यकथेच्या राजमार्गावर असते. जेथे ग्रहस्थितीवर निष्कर्षाचा भार पडतो तेथे कथा आपल्या कराराला उणी पडते. पहिल्या प्रकारच्या जागा तिच्या गोष्टींत पुरेशा आहेत, आणि त्यांच्यासाठी ही पुस्तके मराठी वाचकाने अवश्य वाचावीत.

खेद याचाच वाटतो की मराठी वाचक ती बहुधा इंग्रजीतच वाचणार. कल्पना स्वामिनाथन यांची लल्ली ही निवृत्त पोलीस अधिकारी विलेपार्ल्यात राहून खुनांचे तपास करते आहे. सुजाता मॅसी यांची वकील परवीन मिस्त्री २०१८ च्या कादंबरीत १९२१ सालच्या मुंबईत, मलबार हिलवरील पडदानशीन विधवांच्या वारसाहक्कांची कागदपत्रे तपासता तपासता खुनापर्यंत पोचते. पुणे, पार्ले, मलबार हिल ही सगळी आमची भूमी. पण या तिन्ही शोधिका इंग्रजीच्या दरबारी नोंदल्या गेल्या. परवीनच्या कथेत तर माझ्या वरील प्रतिपादनाचा दाखलाच मिळतो : ज्या अंतःपुरात पुरुष वकिलाला पाऊल टाकता येत नाही तेथे स्त्री वकील जाते, आणि म्हणूनच तिला सत्य सापडते.

हे सारे कल्पनेचे खेळ आहेत असे ज्यांना वाटते त्यांनी रजनी पंडित यांच्याकडे पाहावे. मुंबईच्या रुपारेल महाविद्यालयात मराठी साहित्य शिकलेल्या या बाईंनी खाजगी गुप्तहेराचा व्यवसाय उभा केला. त्यांनी मुलाखतींतून सांगितलेले पहिले प्रकरण एका सहकारी महिलेच्या घरातील चोरीचे होते. संशय नव्याने घरात आलेल्या सुनेवर होता, आणि चोर निघाला घरचाच मुलगा. पुढे एका खुनाच्या प्रकरणात संशयित स्त्रीच्या घरी त्या कित्येक महिने मोलकरीण म्हणून राबल्या. मोलकरणीसमोर कोणी आवाज लहान करून बोलत नाही, हे त्यांना ठाऊक होते. मराठी कादंबरीकाराला याहून अधिक कोणते साहित्य हवे? जिवंत नमुना डोळ्यांसमोर, मराठी वाङ्मयाचीच विद्यार्थिनी, आणि तरीही तिच्या साच्यातील नायिका मराठी रहस्यकथेत रुळली नाही.

मुंबई-पुण्याबाहेर नजर टाकली तर ही उणीव अधिकच जाणवते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात, उळवीच्या वाटेवर कुंभारवाडा लागतो. १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता. या तालुक्याला ज्या सुपे गावाचे नाव होते ते गावच काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले. भोवती व्याघ्र प्रकल्पाचे अरण्य, विखुरलेल्या कुणबी वस्त्या, घरात कोकणी, भजनात मराठी, कचेरीत कानडी. येथे साक्षीदार एका भाषेत जबानी देतो आणि ती दुसऱ्या भाषेच्या दप्तरात दाखल होते. पाण्याखाली गेलेल्या जमिनीचे जुने हक्क आणि नुकसानभरपाईचे कागद हे हेव्यादाव्यांचे केवढे मोठे कारण होऊ शकते! अशा वाडीतील एखादी पोक्त कुणबी स्त्री घ्या. संध्याकाळी कोणाची गुरे उशिरा परतली, कोणाच्या परसातील कंद हंगामाआधी उकरले गेले, कोणत्या घराच्या कौलांतून आज धूर निघाला नाही, एवढे ती अंगणात उभी राहून सांगेल. वनखात्याचा रक्षक पायवाटेवरील ठसे पाहील, पण त्या पायवाटेने अवेळी जाण्याची गरज कोणाला पडली असेल हे तीच ओळखील. तिला पिस्तूल नको, मोटार नको आणि ग्रहांचा आधारही नको. तिला हवी आहे ती लिहिणारी.

आज रहस्यकथेच्या आठ-बारा आण्यांच्या पुस्तिका इतिहासजमा झाल्या आहेत, भाड्याने पुस्तके देणारी वाचनालये एकामागून एक दारे लावीत आहेत, आणि गुन्ह्याची कथा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर जाऊन बसली आहे, जेथे तिला विचार करायला उसंत नाही. तरीही ‘धनंजय’, ‘नवल’ यांसारख्या दिवाळी अंकांनी गूढ आणि रहस्यकथेची ज्योत दीर्घकाळ तेवत ठेवली, आणि माझी आशा त्याच दिशेला आहे. संपादकांना विनंती आहे की येत्या अंकांत त्यांनी लेखिकांकडून शोधिका-कथा आग्रहाने मागवाव्यात, सीमाभागातील आणि गोमंतकातील लेखिकांना त्यात मुद्दाम निमंत्रण द्यावे, आणि मंजिरी प्रभू यांच्या सोनिया समर्थच्या दोन्ही कादंबऱ्यांचा चांगला मराठी अनुवाद वाचकांच्या हाती सहज पडेल, याची जबाबदारी एखाद्या प्रकाशकाने अंगावर घ्यावी.