राजवाडा कसा पाहावा?

आमच्याकडे दिवाळीला पाहुणा आला, की अंबाबाईचे दर्शन, रंकाळा आणि नवा राजवाडा हा क्रम ठरलेलाच. यंदा मात्र नातीने पेच टाकला. वस्तुसंग्रहालयात पेंढा भरलेल्या वाघांपुढे उभी राहून ती म्हणाली, "आजोबा, राजे चांगले होते म्हणता, मग वाघ का मारले?"

उत्तर सुचेना, म्हणून मी वास्तूकडे वळलो. १८७७ ते १८८४ या काळात ती उभी राहिली. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा; पण पुरी झालेली वास्तू पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १८८१ सालीच ते वारले. काळा दगड आपल्या मातीतला, घुमट-कमानी ठिकठिकाणच्या, घड्याळाचा मनोरा विलायती. बाहेरून हे सारे भव्य दिसते, आपलेसे वाटत नाही. दरबार हॉलमध्ये मात्र मेळ बसला आहे. तिथे रंगीत काचांतून शिवचरित्र उजळते. तंत्र परके, पण ऊन कोल्हापूरचे!

रशियात यास्नाया पोल्याना ही टॉलस्टॉयची जहागीर आहे. १९२१ पासून ती संग्रहालय झाली. तिथल्या झाडीत त्यांची समाधी म्हणजे गवताचा नुसता उंचवटा. वर दगड नाही, नाव नाही. साऱ्या माणसांना सुखी करण्याचे गुपित एका हिरव्या काठीवर लिहून ती इथे पुरली आहे, असे थोरल्या भावाने त्यांना लहानपणी सांगितले होते. म्हणून ती जागा. बाग पाहायला गेलेला माणूस तिथे एका विचारापाशी पोहोचतो.

अशी काठी आपल्याकडे नाही काय? शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांतील ५० टक्के जागा राखल्या. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. आम्ही मात्र पाहुण्यांना वाघ दाखवून परततो. यात वास्तूचा दोष थोडा, दाखवणाऱ्यांचा फार.

नातीला म्हणालो, "शिकारीचा शौक त्यांना होता, बाळ. ते लपवायचे कशाला? पण त्यांनी याहून मोठे काम केले." आणि शाळेची गोष्ट सांगितली.

"ते कुठे ठेवलंय?" तिने विचारले.

"तुझ्या वर्गात. सुट्टी संपली, की बाकावर शेजारी कोणकोण बसते ते बघ."