नेसरीचे 'सात': एका आकड्याची चिकित्सा

प्रतापराव गुजर 24 फेब्रुवारी 1674 रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, नेसरीनजीक बहलोलखानाच्या फौजेशी लढताना पडले. शिरोली एमआयडीसीपासून गडहिंग्लजपर्यंत कोणासही विचारले तरी या प्रसंगातून 'सात' हाच आकडा प्रथम पुढे येईल. कुसुमाग्रजांच्या कवितेने आणि पुढे तिच्या गीतरूपाने तो सर्वतोमुखी केला. त्यामुळे हा आकडा म्हणजे निव्वळ कविकल्पना होय, असे म्हणण्याकडे काही अभ्यासकांचा कल होतो. हा निवाडा घाईचा आहे.

मुंबईकर इंग्रजांचा दुभाषी व वकील नारायण शेणवी याने 1674 च्या एप्रिलमध्ये धाडलेल्या पत्राचा इंग्रजी पाठ उपलब्ध आहे. दोन डोंगरांमधील अरुंद वाटेत प्रतापराव व आणखी सहा स्वार मारले गेले आणि उरलेल्या सैन्याचे साह्य त्यांना मिळाले नाही, असा त्याचा आशय. म्हणजे आकडा समकालीन आहे. बदलले आहे ते क्रियापद. पत्रातील सात 'पडले'. आख्यायिकेतील सात 'दौडले'. पत्र मृतांची गणती करते, आख्यायिका त्याच गणतीला चालून जाणाऱ्यांची संख्या मानते. सहा सोबत्यांची जी नावे आज सांगितली जातात, तीही या पत्रात नाहीत.

सभासदाने 1697 मध्ये लिहिलेल्या बखरीत तर सातांचा निर्देशच नाही. तेथे मोठे युद्ध आहे आणि त्यात सरनोबतांचे पतन आहे. (छापील पाठात स्थळाचे नाव 'जेसरी' असे येते, हा लेखनिकाचा प्रमाद असावा.) उमराणीस कोंडलेल्या बहलोलखानास 1673 मध्ये सोडून दिल्याबद्दल महाराजांनी केलेली कानउघाडणी मात्र सभासदही सांगतो. आख्यायिकेने उचलले ते हेच कारण, आणि त्यावरच तिने 'वेड' उभे केले.

या क्रियापदबदलात सर्वांत मोठी गोष्ट गळाली, ती म्हणजे फौज. ती अस्तित्वात होती व पुढेही शाबूत राहिली. आनंदरावाने लगेच तिच्यासह कर्नाटकात संपगावपर्यंत मजल मारून लूट मिळविली, असे तत्कालीन बातमीपत्रांवरून दिसते. शेणव्याच्या वाक्यात या फौजेवर एक मुका ठपका आहे: साह्य मिळाले नाही. ते का मिळाले नाही? खिंड अरुंद होती म्हणून, की सरनोबत इतरांची वाट न पाहता पुढे गेले म्हणून? आख्यायिकेत हा प्रश्न उद्भवतच नाही. सातच निघाले म्हटले की मागे राहिलेला कोणी उरत नाही. वीरांचा गौरव करणारी ही कथा, नकळत का होईना, मागे राहिलेल्यांना दोषमुक्त करते. आणि प्रतापरावांच्या पदरी टाकते ते वेड, ज्याचा त्या पत्रात मागमूसही नाही.