'आसार-उस-सनादीद': एक पुस्तक, दोन आवृत्त्या आणि गाळलेलं एक प्रकरण

सर सय्यद अहमद खान म्हटलं की आपल्याला अलीगढचं कॉलेज आठवतं. पण त्याच्या कितीतरी आधी, दिल्लीत मुन्सफ असताना, मुघल दरबाराशी नातं असलेल्या घराण्यातल्या या तरुणाने १८४७ मध्ये दिल्लीच्या वास्तूंवर उर्दूत एक पुस्तक काढलं: 'आसार-उस-सनादीद'. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी याच्या दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून बघाव्यात.

आधी फील्डवर्क. कुतुबमिनारावरचे उंचावरचे शिलालेख खालून वाचता येत नव्हते. मग सय्यद अहमद दोन बल्ल्यांच्या मध्ये टांगलेल्या टोपलीत बसून वर जायचे आणि लेख उतरवून घ्यायचे. हाली यांनी 'हयात-ए-जावेद' या चरित्रात ही गोष्ट नोंदवली आहे. थोडक्यात, प्राथमिक साधन म्हणजे काय हे त्यांना नीट माहीत होतं.

पहिल्या आवृत्तीची भाषा मात्र फारसी वळणाची, अलंकारांनी लदलेली. १८५४ ची दुसरी आवृत्ती जवळजवळ नवंच पुस्तक आहे. भाषा साधी, कालक्रम स्पष्ट, माहिती कुठून घेतली ते सांगितलेलं. उर्दू गद्यात इतिहास असाही लिहिता येतो, हे तिने दाखवलं. पुढे १८६४ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने त्यांना मानद फेलो केलं. तोवर त्यांनी 'आईन-ए-अकबरी' आणि बरनीचा 'तारीख-ए-फिरोजशाही' हे फारसी ग्रंथही संपादित केले होते.

म्हणजे दुसरी आवृत्ती सरस? पद्धत म्हणून नक्कीच. पण माझा आक्षेप इथेच आहे. पहिल्या आवृत्तीत चौथं प्रकरण होतं, दिल्लीतल्या माणसांचं. सूफी, उलेमा, हकीम, शायर, सुलेखनकार, गवई अशा शंभराहून अधिक जणांच्या नोंदी. त्यात गालिब आणि मोमिनही. दुसऱ्या आवृत्तीत हे प्रकरण नाही. चित्रंही गेली.

तीनच वर्षांनी १८५७ आलं आणि ती दिल्ली विखुरली. याच पुस्तकाच्या लेखनात ज्यांचा हात होता असं मानतात, ते इमाम बख्श सहबाई त्यात मारले गेले. इमारतींची मापं नंतरही कुणी घेऊ शकलं असतं. त्या माणसांची समकालीन नोंद पुन्हा करता आली नसती. स्तुतीने भरलेलं म्हणून आज जे प्रकरण 'अशास्त्रीय' वाटतं, तेच आता दुर्मिळ साधन आहे. पहिली आवृत्ती टिकली, म्हणून ते आपल्या हाती आहे.

आम्ही विज्ञानवाले मुख्य प्रश्नात न बसणारा डेटा 'नॉइज' म्हणून बाजूला काढतो. काढायला हरकत नाही, पण फेकू नका. थिसिसमधून गाळाल ते परिशिष्टात ठेवा, आणि का गाळलं ते एका ओळीत लिहा. एखादा ग्रंथ अभ्यासताना 'सुधारित आवृत्ती' हाती आली, तर आधीची मागवल्याशिवाय मत बनवू नका.