काळा बाजार आणि चांदीचे नाणे

जे. नील शुल्मन (१९५३–२०१९) या अमेरिकी विज्ञानकथाकाराच्या ‘अलाँगसाइड नाइट’ या कादंबरीत अनुवादकाला एकच शब्द अडवतो, पण तो मोठा आहे. १९७९ साली आलेल्या या कादंबरीत डॉलर कवडीमोल झाला आहे, धरपकड सुरू आहे, आणि एका नोबेलविजेत्या अर्थतज्ज्ञाचा किशोरवयीन मुलगा आपल्या घरच्यांना शोधतो आहे. त्याला आसरा मिळतो काळ्या बाजारात. शुल्मनचा मित्र सॅम्युएल कॉन्किन याच्या विचारांतून आलेला हा बाजार सरकारला चुकवून चालतो, आणि म्हणूनच लेखकाच्या लेखी तो नैतिक आहे.

मराठीत ‘काळा बाजार’ म्हटले की रेशनची रांग आणि साठेबाज दिसतो. बंगालीत ‘कालोबाजार’ म्हटले की १९४३चा दुष्काळ. ‘मुक्त बाजार’ लिहून सुटका होत नाही, कारण मग बेकायदेशीरपणा जातो आणि कादंबरीतला धोकाही. मी ‘काळा बाजार’च ठेवीन. राज्यसंस्थेवाचून जगता येईल हा शुल्मनचा दावा आपल्याकडे याच शब्दाशी झटापट करत वाचला पाहिजे.

‘द रेनबो कडेंझा’ (१९८३) मला अधिक आवडते. सैन्यभरती करावी तशी सरकार स्त्रियांची लैंगिक सेवेसाठी सक्तीने भरती करते. नायिका लेझरच्या प्रकाशातून कला घडवणारी. माणसाच्या देहावर मालकी कोणाची, हा प्रश्न इथे व्याख्यान न होता गोष्ट होतो. शिवाय, न दिसणारा प्रकाश केवळ शब्दांनी दाखवण्याची जिद्द आहे.

म्हणूनच त्याचे चित्रपट खटकतात. ‘लेडी मॅग्डलीन्स’ (२००८) बाजूला ठेवू. ‘अलाँगसाइड नाइट’ त्याने स्वतः लिहून-दिग्दर्शित करून २०१४ साली पडद्यावर आणला, कादंबरीनंतर पस्तीस वर्षांनी. त्यात पात्रे एकमेकांना सिद्धान्त समजावत राहतात आणि कॅमेरा ऐकत बसतो. तुटपुंजे बजेट हे कारण मला पुरेसे वाटत नाही.

कारण कमी वेळात, कमी शब्दांत दाखवणे त्याला येत होते. १९८६ साली ‘द ट्वायलाइट झोन’ मालिकेसाठी त्याने ‘प्रोफाइल इन सिल्व्हर’ हा भाग लिहिला. भविष्यातला एक इतिहासकार १९६३च्या डॅलसमध्ये येऊन केनेडींचा जीव वाचवतो. त्याचे बिंग फुटते ते एका अर्ध्या डॉलरच्या नाण्याने: त्यावर केनेडींचा चेहरा आहे आणि साल १९६४. केनेडी मेले नसते तर ते नाणे पाडलेच गेले नसते. (त्याच वर्षीचे हे नाणे नव्वद टक्के चांदीचे, पुढच्या वर्षी चांदी चाळीस टक्क्यांवर आली. कागदी चलनाचा द्वेष करणाऱ्या लेखकाला हे माहीत नसेल असे वाटत नाही.) तळहातावर मावणाऱ्या त्या एका वस्तूत राज्य, पैसा आणि मृत्यू तिन्ही आहेत, आणि कोणीही भाषण देत नाही.